अक्षयनीवी आणि ओसाड शेत : लेण्यांच्या साक्षीने संपत्तीचा विचार

बौद्ध धम्म हा गृहत्यागाचा धम्म आहे, म्हणून संपत्तीविषयी त्याला काही सांगावयाचे नाही, असा एक समज फार वर्षांपासून प्रचलित आहे. दुसरा समज याच्या अगदी उलट आहे. संपत्ती कोणत्याही मार्गाने मिळवावी आणि तिचा काही अंश दान करावा, म्हणजे ती शुद्ध होते, असे तो मानतो. पहिला समज बहुधा धम्माच्या टीकाकारांचा असतो; दुसरा, खेदाने म्हणावे लागते, आपल्यातीलच काहींचा असतो. प्रस्तुत लेखात आम्ही या दोन्ही समजांची परीक्षा करू इच्छितो. त्यासाठी त्रिपिटकाबरोबरच महाराष्ट्राच्या डोंगरांत सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कोरल्या गेलेल्या लेखांची साक्ष आम्ही काढणार आहोत. ग्रंथात आदर्श सांगितलेला असतो. शिलालेखात व्यवहार नोंदलेला असतो. दोन्ही शेजारी ठेवून वाचले असता आपल्या पूर्वजांनी संपत्तीचा प्रश्न कोठपर्यंत सोडविला आणि कोठे तो अनुत्तरित राहिला, हे स्पष्ट होते.

१. त्रिरश्मीवरील ठेव

नाशिकजवळील ज्या लेण्यांना लोक पांडवलेणी म्हणतात, त्यांचा पांडवांशी काहीही संबंध नाही. लेखांमध्ये या डोंगराचे नाव त्रिरश्मी असे आले आहे आणि तेथे भिक्खुसंघाचा निवास होता. येथील दहाव्या क्रमांकाचे लेणे क्षहरात क्षत्रप नहपान याचा जावई, दिनिकाचा पुत्र उषवदात याने कोरविले. त्यातील लेखांत ४१, ४२ व ४५ ही वर्षे दिलेली आहेत. ती कोणत्या गणनेची यावर विद्वानांत मतभेद आहेत. परंतु हा काळ इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांतील आहे, हे सर्वमान्य आहे.

वर्ष ४२ च्या वैशाख मासातील लेख आपल्या विषयाच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाचा आहे. उषवदाताने हे लेणे चातुर्दिश संघाला, म्हणजे चारही दिशांकडून येणाऱ्या भिक्खूंना अर्पण केले आणि त्यासोबत ३००० कार्षापणांची अक्षयनीवी ठेवली. अक्षयनीवी म्हणजे जिचे मुद्दल कधीही परत घ्यावयाचे नाही, केवळ व्याज उपयोगात आणावयाचे, अशी कायमची ठेव. ही रक्कम राजाच्या कोशात किंवा एखाद्या सावकाराच्या पेढीवर ठेवलेली नव्हती. ती गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे सोपविलेली होती. एका श्रेणीकडे २००० कार्षापण दरमहा शेकडा एक दराने, तर दुसऱ्या श्रेणीकडे १००० कार्षापण दरमहा शेकडा पाऊण दराने ठेवण्यात आले. पहिल्या ठेवीच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंपैकी प्रत्येकास चीवरासाठी १२ कार्षापण द्यावयाचे होते. दुसऱ्या ठेवीचे व्याज कुशणमूल्यासाठी, म्हणजे चीवराखेरीजच्या इतर गरजांसाठी होते.

वाचकांनी हा हिशेब स्वतः करून पाहावा. दोन हजारांवर दरमहा शेकडा एक म्हणजे महिन्याला २० आणि वर्षाला २४० कार्षापण होतात. वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा दिले तर तेही २४०च होतात. एक कार्षापण शिल्लक उरत नाही आणि एक कमीही पडत नाही. दुसऱ्या ठेवीचे व्याज वर्षाला ९० होते. म्हणजे दात्याने आधी गरज मोजली आणि मग त्या मापाने ठेव ठेवली. औदार्याचा आकडा फुगवून सांगण्याची प्रवृत्ती येथे नाही. शिवाय हा सारा व्यवहार निगमसभेत ऐकविण्यात आला आणि रीतीप्रमाणे फलकावर नोंदविण्यात आला, असेही लेख सांगतो. संघाच्या धनाचा हिशेब चार लोकांसमोर असला पाहिजे, ही दृष्टी त्यातून दिसते.

याच लेण्यात पुढे आभीर राजा ईश्वरसेन याच्या कारकिर्दीच्या नवव्या वर्षीचा एक लेख आहे. शक अग्निवर्म्याची कन्या, गणपक रेभिलाची पत्नी विष्णुदत्ता या उपासिकेने त्रिरश्मीवरील आजारी भिक्खूंच्या औषधोपचारासाठी अक्षयनीवी ठेवली. तिची रक्कमही श्रेणींकडेच होती. कुंभारांकडे, पाण्याची यंत्रे करणाऱ्यांकडे आणि तेल गाळणाऱ्यांकडे. औषधाचा खर्च कोणाच्या तात्कालिक दयेवर अवलंबून राहू नये, तो दरवर्षी निश्चितपणे मिळावा, हा विचार त्या काळातील एका स्त्रीने केला ही लहान गोष्ट नव्हे.

२. व्याजाचा दर आणि वर्ण

या लेखांतील आणखी एक बाब आम्हांस विशेष लक्षणीय वाटते. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात व्याजाचे दर वर्णाप्रमाणे सांगितले आहेत. ब्राह्मणाकडून दरमहा शेकडा दोन, क्षत्रियाकडून तीन, वैश्याकडून चार आणि शूद्राकडून पाच. याचा अर्थ असा की, ज्याच्याजवळ सर्वांत कमी आहे त्याच्याकडून सर्वांत जास्त घ्यावे, हा तेथे धर्म ठरला. दारिद्र्य हे शूद्राच्या नशिबी आलेले नाही, ते अशा नियमांनी त्याच्यावर लादले गेले, हे समजण्यास यापेक्षा स्पष्ट पुरावा शोधण्याची गरज नाही. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे जो ग्रंथ जाळण्यात आला त्यात केवळ स्पर्शास्पर्शाचे नियम नव्हते, व्याजाचे असे कोष्टकही होते.

नाशिकच्या विणकरांकडे ठेवलेली रक्कम शेकडा एक आणि शेकडा पाऊण दराने होती. एका व्यक्तीला दिलेले कर्ज आणि श्रेणीकडे ठेवलेली ठेव हे दोन्ही व्यवहार सर्वस्वी एकाच प्रकारचे नाहीत, हे मान्य केले पाहिजे. तरीही एवढे निश्चित म्हणता येते की, कारागीर हा येथे दंडणीय ऋणको नसून विश्वासार्ह निधिधारक होता. ज्यांना पुढे शूद्र म्हणून हिणविण्यात आले त्या विणकर, कुंभार, तेली यांच्या संघटनांवर संघाने पिढ्यान्‌पिढ्यांचा भरवसा टाकला. राजवटी बदलल्या तरी श्रेणी टिकेल, असा हा भरवसा होता.

३. लहान हातांचे दान

लेण्यांचे दाते केवळ राजे आणि सरदार होते असे समजणे चुकीचे ठरेल. कार्ले येथील भव्य चैत्यगृह वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने पूर्णत्वास नेले, हे प्रसिद्ध आहे. परंतु त्याच कार्ल्यात धेनुकाकट येथील सामी नावाच्या सुताराचे, सिंहदत्त नावाच्या गांधिकाचे आणि अनेक यवनांचे नाव कोरलेले आहे. कुड्याच्या लेण्यांत एका माळ्याचे आणि कऱ्हाडच्या महिक नावाच्या लोखंड-व्यापाऱ्याचे दान नोंदलेले आहे. कान्हेरीत कल्याणच्या सामिदत्त नावाच्या सोनाराने पाण्याची पोढी दिली. जुन्नरला धान्यविक्रेत्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पोढी दिली. भाजे येथे बाधा नावाच्या एका स्त्रीचे दान आहे. ती हालिकाची, म्हणजे नांगर धरणाऱ्याची पत्नी होती.

नांगर धरणाऱ्याच्या पत्नीचे नाव दगडात कोरले गेले, ही गोष्ट इतर परंपरांच्या दानपत्रांशी ताडून पाहिली म्हणजे तिचे महत्त्व कळते. दान देण्याचा अधिकार येथे जन्मावर अवलंबून नव्हता. दानाच्या आकाराने दात्याची पंगत ठरत नव्हती. तथागतांच्या संघात जशी क्षत्रियाची आणि न्हाव्याची पंगत एक होती, तशीच ती लेण्यांच्या भिंतीवरही एक राहिली.

तथापि, या समतेने आम्ही भारावून जाऊन थांबता कामा नये. भिंतीवर नावे शेजारी असली तरी भिंतीबाहेरील जीवन समान नव्हते. तो काळ मोठ्या व्यापाराचा होता. पेरिप्लस या ग्रीक ग्रंथात भरुकच्छ बंदरातील आयातीचे वर्णन आहे. राजासाठी चांदीची मौल्यवान भांडी, गाणारी मुले, अंतःपुरासाठी तरुणी, उंची मद्य आणि तलम वस्त्रे तेथे उतरत असत. पैठण आणि तेर येथून गाड्या भरून माल त्याच बंदराकडे जात असे. नाशिकजवळ जोगळटेंभी येथे १९०६ साली नहपानाच्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. त्यांतील दोन तृतीयांशाहून अधिक नाणी गौतमीपुत्र सातकर्णीने पुन्हा छापलेली आहेत. एका राजाने दुसऱ्याचा पराभव केला आणि त्याच्या धनावर आपला शिक्का मारला. हे धन ज्यांच्या श्रमातून निर्माण झाले त्यांचा शिक्का कोणत्याच बाजूस नाही.

उषवदाताच्या दानांकडेही या दृष्टीने पाहिले पाहिजे. त्याने विहार, धर्मशाळा, विहिरी, तळी बांधली, सहा नद्यांवर विनामूल्य नावा ठेवल्या. ही लोकोपयोगी कृत्ये होत. परंतु त्याच्याच लेखात देवांना व ब्राह्मणांना दिलेल्या तीन लक्ष गायी, सोळा गावे, वर्षभर एक लक्ष ब्राह्मणांना घातलेले भोजन आणि प्रभास तीर्थावर ब्राह्मणांना लग्नासाठी दिलेल्या आठ कन्या यांचाही अभिमानाने उल्लेख आहे. गायी, गावे आणि स्त्रिया या तिघांची एकाच यादीत नोंद करणारा दाता दानशूर असेल. परंतु दानशूर म्हणजे धम्मज्ञ नव्हे. दान किती दिले हा प्रश्न धम्मात शेवटचा आहे. त्याआधीचे प्रश्न अधिक कठीण आहेत.

४. धनाला विचारावयाचे तीन प्रश्न

ते प्रश्न कोणते? भगवान बुद्धांनी गृहस्थांना केलेला उपदेश सुत्तपिटकात ठिकठिकाणी आलेला आहे. तो एकत्र केला तर संपत्तीसंबंधी तीन प्रश्न त्यातून निघतात. धन कसे मिळविले, कसे उपभोगिले आणि कोणाबरोबर वाटून घेतले?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर अंगुत्तर निकायात पुनःपुन्हा येते. धन हे स्वतःच्या उद्योगाने, बाहुबलाने, घाम गाळून, न्याय्य मार्गाने मिळविलेले असावे. शस्त्र, प्राणी, मांस, मद्य आणि विष यांचा व्यापार उपासकाने करू नये. अनाथपिंडिकाला तथागतांनी गृहस्थाची चार सुखे सांगितली. धन असल्याचे सुख, ते उपभोगण्याचे सुख, ऋण नसल्याचे सुख आणि निर्दोष आचरणाचे सुख. यांत चौथे सुख सर्वश्रेष्ठ मानले आहे. दुसऱ्या एका सुत्तात दारिद्र्य हे गृहस्थाच्या जीवनातील दुःख आहे, असे स्पष्ट सांगितले आहे. दरिद्री माणूस ऋण काढतो, मग व्याज, मग तगादा, मग धनकोचा पाठलाग आणि शेवटी बंधन, अशी ही साखळी आहे. ज्याने कर्जापायी सालगडी झालेला बाप पाहिला आहे, त्यास या सुत्ताचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. दारिद्र्याला पुण्याचे रूप देऊन दरिद्री माणसाला गप्प बसविण्याचा धंदा तथागतांनी केला नाही. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात हीच बाब आवर्जून पुढे आणली आहे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर दीघजाणू कोलियाला केलेल्या उपदेशात आहे. उद्योग, मिळविलेल्याचे रक्षण, चांगल्यांची संगत आणि समजीविका ही चार अंगे त्यात सांगितली आहेत. समजीविका म्हणजे आय व व्यय यांचा तोल राखून, ना उधळेपणाने ना कद्रूपणाने, जगणे. सिगालोवाद सुत्तात मिळकतीचे चार भाग करण्यास सांगितले आहे. एक भाग उपभोगासाठी, दोन उद्योगासाठी आणि एक अडीअडचणीसाठी. उधळपट्टी जशी निंद्य, तशीच साठवणही निंद्य. श्रावस्तीच्या एका निपुत्रिक श्रेष्ठीची कथा संयुत्त निकायात आहे. ऐंशी लक्ष सुवर्ण मागे ठेवून तो मेला आणि ते धन राजा पसेनदीने राजवाड्यात नेले. हा श्रेष्ठी कण्यांची आंबील पीत असे, जाडेभरडे कापड नेसत असे आणि मोडक्या रथातून पानांची छत्री धरून हिंडत असे. त्याच्या धनाची तुलना तथागतांनी निर्मनुष्य स्थळीच्या सरोवराशी केली. पाणी स्वच्छ आहे. पण ते कोणी पीत नाही, कोणी त्यात नाहत नाही आणि ते तसेच आटून जाते.

तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात दान येते. परंतु केवळ दान येत नाही. सिगालोवाद सुत्तात दास व कर्मकरांविषयी मालकाची पाच कर्तव्ये सांगितलेली आहेत. शक्तीप्रमाणे काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारपणात शुश्रूषा करावी, चांगलेचुंगले पदार्थ वाटून खावेत आणि वेळोवेळी सुटी द्यावी. सुटी आणि आजारपणाची सोय ही आधुनिक कामगार कायद्यांची भाषा आहे, असे आपण समजतो. ती येथे दोन सहस्रकांपूर्वी गृहस्थाच्या शीलाचा भाग म्हणून आलेली आहे. ज्याच्या घरी राबणाऱ्याला वेळेवर वेतन मिळत नाही, त्याने विहाराला दिलेली देणगी या सुत्ताच्या कसोटीस उतरत नाही.

५. काखडीचे ओसाड शेत

हे तीन प्रश्न व्यक्तीला विचारावयाचे आहेत. ते पुरेसे आहेत काय? याचे उत्तर आम्हांस त्रिरश्मीवरील तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यातील दोन राजाज्ञांत सापडते.

पहिली आज्ञा गौतमीपुत्र सातकर्णीच्या अठराव्या वर्षातील आहे. गोवर्धनचा अमात्य विष्णुपालित याला ती उद्देशून आहे. पश्चिम काखडी गावातील, पूर्वी उषवदाताच्या ताब्यात असलेले २०० निवर्तनांचे शेत त्रिरश्मीवरील भिक्खूंना देण्यात येत आहे, असे तीत म्हटले आहे. त्या शेताला सवलतीही दिल्या आहेत. राजपुरुषांनी तेथे शिरू नये, कोणी उपद्रव करू नये, मिठासाठी खणू नये. त्या काळातील मानाने यापेक्षा उत्तम दानपत्र असू शकत नाही.

दुसरी आज्ञा चोविसाव्या वर्षातील आहे. ती श्यामक नावाच्या अमात्याला आहे आणि तीत राजासोबत राजमातेचाही उल्लेख आहे. तिचा आशय असा. काखडी गावात पूर्वी दिलेले शेत कसले जात नाही आणि त्या गावात वस्तीही राहिलेली नाही. म्हणून नगराच्या सीमेवरील राजाच्या मालकीच्या शेतातून १०० निवर्तने भिक्खूंना द्यावीत.

अवघ्या सहा वर्षांत हे घडले. दान होते, राजाज्ञा होती, सवलती होत्या आणि दगडात कोरलेला लेख होता. फक्त नांगर धरणारा माणूस नव्हता. तो का गेला हे लेखात सांगितलेले नाही. त्याचे नावही नाही. दात्याचे नाव आहे, अमात्याचे नाव आहे, गावाचे नाव आहे. ज्याच्या जाण्याने दोनशे निवर्तने निष्फळ झाली त्याचा उल्लेख केवळ अभावाच्या रूपाने आला आहे. आमच्या मते महाराष्ट्रातील प्राचीन लेखांत श्रमिकाच्या महत्त्वाची यापेक्षा बोलकी नोंद नाही.

विणकरांच्या ठेवीलाही हेच लागू पडते. ती अक्षय होती याचा अर्थ मुद्दल अक्षय होते. व्याजाचे ३३० कार्षापण दरवर्षी मागावर बसणाऱ्या हातांतूनच यावयाचे होते. माग थांबला असता तर दगडावरील अक्षय हा शब्द चीवर विणू शकला नसता. दान हे संपत्तीची दिशा बदलते. ते संपत्ती निर्माण करीत नाही. निर्माण करणारा जर उपाशी असेल, निराधार असेल, गाव सोडून जात असेल, तर दात्याचे सद्‌गुण त्याला थोपवू शकत नाहीत. तेथे चौथा प्रश्न उभा राहतो आणि तो व्यक्तीला नव्हे, राज्याला विचारावा लागतो. जो निर्धन आहे त्याला जगण्याचे साधन मिळाले काय?

६. चौथा प्रश्न

हा प्रश्न आम्ही आजच्या काळातून उसना घेऊन भूतकाळावर लादत नाही. तो दीघ निकायातच आहे. चक्कवत्तिसीहनाद सुत्तात एका राजाची कथा येते. त्याने राज्याचे रक्षण केले; परंतु निर्धनांना धन दिले नाही. त्यामुळे दारिद्र्य वाढले आणि दारिद्र्यातून चोरी जन्मली. पहिल्या चोराला राजापुढे आणले तेव्हा त्याने सांगितले की, मला जगता येत नाही. राजाने त्याला धन दिले. हे ऐकून इतरही चोरी करू लागले. तेव्हा राजाने पुढच्या चोराचा शिरच्छेद केला. मग लोकांनीही शस्त्रे घेतली. चोरीमागून हत्या आली, हत्येमागून असत्य आले आणि माणसाचे आयुष्यमान घटत घटत ऐंशी हजार वर्षांवरून दहा वर्षांवर आले. आकडे रूपकाचे आहेत, परंतु कार्यकारणभाव रूपकाचा नाही. राजाने धन दिले, ते उशिरा आणि ज्याने गुन्हा केला त्यालाच दिले. तशा दयेने काही साधले नाही आणि दंडानेही काही साधले नाही. चूक पहिल्याच पायरीवर झाली होती.

कूटदंत सुत्तात याचा उपाय सांगितला आहे. महाविजित राजाला मोठा यज्ञ करावयाचा असतो आणि राज्यात चोरदरोडेखोर माजलेले असतात. त्याचा पुरोहित त्याला सल्ला देतो की, नवा कर बसवू नये आणि केवळ दंडाने हा उपद्रव शमणार नाही. जे शेती व पशुपालन करतात त्यांना बी-बियाणे व चारा द्यावा, जे व्यापार करतात त्यांना भांडवल द्यावे आणि जे राजसेवेत आहेत त्यांना अन्न व वेतन द्यावे. बियाणे, भांडवल आणि वेतन या तिन्ही गोष्टी भिक्षेच्या नाहीत, साधनांच्या आहेत. घेणाऱ्याला त्या याचक करीत नाहीत, स्वावलंबी करतात.

बाबासाहेबांच्या आर्थिक विचारांकडे या सुत्तांच्या प्रकाशात पाहिले असता त्यांची धम्मदीक्षा ही त्यांच्या आधीच्या चळवळीची परिणती होती, हे ध्यानात येते. १९१८ साली भारतातील लहान शेतांच्या प्रश्नावर लिहिताना त्यांनी दाखवून दिले की, जमिनीच्या तुकड्याचे लहान-मोठेपण केवळ आकाराने ठरत नाही. भांडवल आणि अवजारे यांच्या प्रमाणात ते ठरते, आणि शेतीवरील जादा मनुष्यबळाला उद्योगात काम मिळाले पाहिजे. १९२८ साली त्यांनी मुंबई कायदे कौन्सिलात महार वतनासंबंधीचे विधेयक मांडले. १९३६ साली स्वतंत्र मजूर पक्ष काढला आणि १७ सप्टेंबर १९३७ रोजी कोकणातील खोती नष्ट करण्याचे विधेयक आणले. १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिलवर गेला, तो या मागणीसाठीच. खोती १९४९ च्या कायद्याने आणि महार वतने १९५८ च्या कायद्याने संपुष्टात आली. मार्च १९४७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’ या निवेदनात त्यांनी शेती हा राज्याचा उद्योग असावा आणि जमीन जात-पात न पाहता गावकऱ्यांना सामुदायिक रीतीने कसण्यास द्यावी, असे सुचविले. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत त्यांनी इशारा दिला की, राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता ही विसंगती फार काळ टिकू दिली तर राजकीय लोकशाहीच धोक्यात येईल. २० नोव्हेंबर १९५६ रोजी काठमांडू येथे जागतिक बौद्ध परिषदेत त्यांनी बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना केली. शोषणाचे दुःख दोघांनीही ओळखले. ते दूर करण्याचा बुद्धांचा मार्ग रक्तपाताचा नसून मनःपरिवर्तनाचा व लोकशाहीचा आहे, हा त्यांचा निष्कर्ष होता. खाजगी मालमत्तेवरील सर्वांत कडक बंधने भिक्खुसंघाने स्वतःवर घालून घेतली होती, याकडेही त्यांनी लक्ष वेधले. तीन चीवरे, कमरबंद, भिक्षापात्र, वस्तरा, सुई आणि पाणी गाळण्याचे फडके एवढीच भिक्खूची मालमत्ता.

हा वारसा नाशिकच्या भूमीतही रुजला. दिंडोरी तालुक्यातील आंबे गावचे दादासाहेब गायकवाड यांनी भूमिहीनांसाठी १९५९ साली आणि पुन्हा ६ डिसेंबर १९६४ पासून सत्याग्रह उभारला. पडीक व सरकारी जमीन कसणाऱ्याला द्या, ही त्याची मुख्य मागणी होती. काखडीला शेत होते आणि कसणारा नव्हता. विसाव्या शतकात कसणारा होता आणि त्याला शेत नव्हते. दोन्ही वेळी प्रश्न एकच राहिला, जमीन आणि श्रम यांची गाठ कोण घालणार?

७. आपल्यापुढील कर्तव्य

गेल्या सहा-सात दशकांत शिक्षण आणि आरक्षण यांच्या बळावर आपल्या समाजात एक वेतनदार वर्ग उभा राहिला. ही अभिमानाची गोष्ट आहे. ऊन-पावसात उघड्यावर राबलेल्या पिढीच्या नातवंडांनी पक्के घर बांधावे, चांगले वस्त्र नेसावे, मुलांना दूरदेशी शिकवावे, यात धम्मविरुद्ध काही नाही. कण्यांची आंबील पिणाऱ्या श्रेष्ठीचे कौतुक तथागतांनी केले नाही, हे आम्ही वर पाहिले. परंतु १८ मार्च १९५६ रोजी आग्रा येथे शिकलेल्या वर्गाविषयी बाबासाहेबांनी जी व्यथा बोलून दाखविली, ती विसरून हा अभिमान मिरविता येणार नाही. शहरातील वसाहतीत एक पिढी स्थिरावली आणि गावाकडील वस्तीत भाऊबंद अजून दुसऱ्याच्या बांधावर मजुरी करीत आहेत, हे दृश्य आपणा सर्वांच्या परिचयाचे आहे.

म्हणून वरील चार प्रश्न आपण स्वतःस विचारावेत, असे आम्ही सुचवितो. लग्नात एका दिवसाच्या थाटासाठी पाच वर्षांचे कर्ज काढणारा उपासक ऋणमुक्तीचे सुख गमावतो. त्याच्या ऐपतीकडे पाहून शेजारचा गरीब बांधवही त्याच खड्ड्यात उडी घेतो. ज्या विहाराच्या भिंतीवर देणगीदारांची नावे संगमरवरात आहेत, त्या विहाराचा जमाखर्चही फलकावर असावा. निगमसभेत नोंद करणाऱ्यांचे आपण वारस आहोत. देणगीचा मोठा भाग शिखरावर खर्ची पडण्यापेक्षा मुद्दल राखून तिच्या व्याजातून दरवर्षी ठरावीक विद्यार्थ्यांचे शुल्क, ठरावीक रुग्णांचे औषध भागावे, अशी योजना विष्णुदत्तेने करून दाखविली आहे. आधी गरज मोजावी आणि मग निधी ठरवावा, हे उषवदाताच्या लेखातून शिकता येते. १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथील भाषणात बाबासाहेबांनी प्रत्येकाने आपल्या मिळकतीचा विसावा हिस्सा धम्मकार्यास द्यावा अशी अपेक्षा व्यक्त केली होती. विसावा हिस्सा ही मोठी रक्कम नव्हे. नियमितपणा ही तिची खरी ताकद आहे.

मात्र विसावा हिस्सा दिला म्हणजे चौथ्या प्रश्नातून सुटका झाली, असे कोणी मानू नये. कोणत्याही विहाराची अक्षयनीवी भूमिहीनाला जमीन, बेरोजगाराला काम आणि मजुराला न्याय्य वेतन देऊ शकणार नाही. ते कार्य राज्याचे आहे आणि राज्याकडून ते करवून घेणे हे संघटित नागरिकांचे कर्तव्य आहे. दान आणि चळवळ यांपैकी एकाची निवड करण्याचे कारण नाही. दानाने आजच्या विद्यार्थ्याचे शुल्क भागते. चळवळीने उद्याच्या विद्यार्थ्याच्या बापाला शेत मिळते. त्रिरश्मीच्या लेण्यांना भेट देणाऱ्या उपासक-उपासिकांनी दहाव्या लेण्यातील ठेवीचा लेख अवश्य पाहावा. परंतु तेथून परतताना तिसऱ्या लेण्यातील काखडीचा लेखही मुलाबाळांना दाखवून समजावून सांगावा. पहिला लेख आपण काय देऊ शकतो ते शिकवितो आणि दुसरा, ज्याच्याविना देणे निष्फळ ठरते त्या माणसाकडे बोट दाखवितो.